पाच चकत्यांचा प्लेअर आणि गोव्याचा पावसाळा

आमच्या डिचोलीच्या घरात पाच चकत्यांचा डीव्हीडी प्लेअर आला तो २००६ साली, आखाती देशात नोकरीला असलेल्या मामेभावाच्या सामानातून. सोबत पाच लहान स्पीकर आणि एक जड सबवूफर होता, आणि चवथीच्या आदल्या दिवशी एकीकडे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधली जात असताना आम्ही दुसरीकडे भिंतीच्या कडेने त्यांच्या वायरी ओढत होतो. गोव्यातल्या कित्येक घरांत असे संच याच वाटेने आले आहेत. कोणाचा जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवटी काकाने आणला, कोणाचा दुबईहून परतलेल्या मेव्हण्याने. मी पदार्थविज्ञान शिकवत असल्यामुळे नातेवाईक आणि शेजारी आपापल्या प्लेअरची गाऱ्हाणी माझ्याकडे घेऊन येत राहिले आणि मी ती वहीत लिहून ठेवत गेलो. पुढे वही चाळताना ध्यानात आले की बहुतेक तक्रारी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या आहेत, आणि ‘चकती खराब आहे’ असे ज्यांचे निदान मालकांनी केले होते त्यांपैकी बऱ्याच प्रकरणांत चकतीचा काहीच दोष नव्हता.

पहिली अडचण मात्र पावसाशी संबंधित नव्हती. चवथीच्या सुट्टीत म्हापशाहून विकत आणलेला एक परदेशी चित्रपट प्लेअरने साफ नाकारला, तर आरत्यांची आणि नाटकांची डीव्हीडी मुकाट्याने लावली. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये प्रथम बाजारात आली तेव्हाच चित्रपट कंपन्यांच्या आग्रहामुळे जगाचे सहा प्रदेश पाडण्यात आले होते. त्यात भारत पाचव्या प्रदेशात येतो आणि आखाती देश दुसऱ्या. चकतीवर नोंदलेला प्रदेशाचा आकडा प्लेअर आपल्या आकड्याशी ताडून पाहतो, आणि ते जुळले नाहीत तर चित्र दाखवण्यास नकार देतो. आपल्याकडच्या बहुतेक मराठी आणि हिंदी डीव्हीडींवर असे बंधन घातलेले नसल्यामुळे त्या कुठल्याही प्लेअरवर चालतात. यात प्रकाशशास्त्र काहीच नाही, निव्वळ व्यापार आहे, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

प्रकाशशास्त्राची खरी करामत चकतीच्या आत आहे. डीव्हीडीची जाडी १.२ मिलिमीटर असते, आणि ती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून बनवलेली असते. माहिती साठवणारा थर या दोहोंच्या मधोमध असतो. त्या थरावर आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत अतिसूक्ष्म खळगे असून त्यांतला सर्वांत आखूड खळगा ०.४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या भागाइतका असतो. सर्पिलाचे शेजारशेजारचे दोन वेढे एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात. ही सगळी रेषा उलगडून सरळ केली तर ती सुमारे ११.८ किलोमीटर भरेल, म्हणजे पणजीहून निघालेला माणूस जवळजवळ म्हापशाला पोहोचेल, आणि तेवढ्या वाटेवर एका थरात ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. ती वाचण्यासाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर वापरतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर पुरत होता. तरंगलांबी कमी केली आणि भिंग अधिक रुंद कोनातून प्रकाश गोळा करणारे घेतले की प्रकाशाचा ठिपका लहान होतो, आणि ठिपका लहान झाला की खळगे अधिक दाट मांडता येतात.

या रचनेतली मला सर्वांत भावणारी गोष्ट अशी की लेझरचा झोत चकतीच्या पृष्ठभागावर पडतो तेव्हा तो सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो, आणि तिथून प्लास्टिकमधून निमुळता होत होत माहितीच्या थरापाशी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतो. त्यामुळे पृष्ठभागावर बसलेला धुळीचा कण भिंगाच्या दृष्टीने धूसर राहतो. खिडकीच्या काचेवर एखादा ठिपका असला तरी बाहेरचा माड जसा स्पष्ट दिसतो, तसेच हे आहे. म्हणूनच बोटांच्या ठशांनी माखलेली चकतीसुद्धा पुष्कळदा बिनतक्रार चालते.

ओरखडा खोल असेल तर मात्र मजकूर खरोखरच हरवतो, आणि तो गणिताने भरून काढावा लागतो. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली सांकेतिक पद्धत इथे उपयोगी पडते. माहितीचे ३२,७६८ बाइटचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठा उभ्याआडव्या ओळींच्या कोष्टकात मांडतात आणि प्रत्येक ओळीला व स्तंभाला जादा तपासणी अंक जोडतात. असा एक गठ्ठा सर्पिलावर सुमारे आठ सेंटिमीटर लांब पसरलेला असतो, आणि त्यातला सलग सहा मिलिमीटर मजकूर नाहीसा झाला तरी उरलेल्यावरून तो पुन्हा तंतोतंत उभा करता येतो. चकती कशी पुसावी या घरोघरच्या वादाचे उत्तर या आकड्यात आहे. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसताना ओरखडा पडला, तर तो प्रत्येक वेढ्याला आडवा छेदतो आणि एका वेढ्यावर केसाच्या रुंदीएवढेच नुकसान करतो. ते सहज भरून निघते. ताट घासल्यासारखे गोल गोल पुसताना पडलेला ओरखडा वेढ्याच्या दिशेनेच धावतो आणि सहा मिलिमीटरची मर्यादा क्षणात ओलांडतो. आमच्या आईने पदराने गोल पुसलेली एक नाट्यगीतांची चकती आजही तिसऱ्या पदापाशी अडते, तर सरळ ओरखड्यांनी भरलेली दुसरी निर्धास्त चालते.

पुष्कळ मालकांनी नोंदवलेली आणखी एक तक्रार म्हणजे चित्रपट ऐन मध्यावर क्षणभर गोठतो. सलग वाचत गेले तर एका थराची डीव्हीडी सत्तावन्न मिनिटांच्या आतच संपेल, कारण वाचण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.५ मीटर असा कायम ठेवलेला असतो. म्हणूनच आतला वेढा वाचताना चकती मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते आणि कडेचा वाचताना ६०० च्याही खाली येते. चित्राला एवढ्या वेगाने येणारी माहिती सहसा लागत नसल्याने प्लेअर थोडे वाचतो, आपल्या स्मृतीत साठवतो, साठा भरला की त्याच वेढ्यावर थांबून राहतो आणि साठा ओसरला की पुढे सरकतो. लांब चित्रपटांच्या डीव्हीडीत एकावर एक असे दोन थर असतात आणि त्यांत मिळून ८.५ अब्ज बाइट मावतात. पहिला थर संपल्यावर भिंगाला दुसऱ्या थरावर नव्याने नजर स्थिरावावी लागते, आणि तेवढ्यात स्मृतीतला साठा संपला तर चित्र थबकते. हा बिघाड नव्हे, पण यासाठी दुरुस्तीला नेलेले तीन प्लेअर माझ्या वहीत आहेत.

आता पाच चकत्यांच्या फिरत्या तबकाकडे येतो, कारण गोव्यात हे प्लेअर बहुधा तिथेच हरतात. मोठ्या गोल तबकात पाच खाचा असतात. लहानशी मोटर ते तबक फिरवते, प्रकाशसंवेदक खाचा मोजून कुठली चकती समोर आली हे ओळखतो, मग खालून लेझरची यंत्रणा वर उचलली जाते आणि वरून चुंबकाची चपटी चकती डीव्हीडीला घट्ट धरते. तबक बाहेर काढण्याचे आणि बऱ्याच रचनांत ते फिरवण्याचेही काम रबराच्या बारीक पट्ट्यावर सोपवलेले असते. रबराचे रेणू लांब साखळ्यांचे असतात. पट्टा वर्षानुवर्षे ताणलेल्या अवस्थेत राहिला की त्या साखळ्या नव्या आकारात स्थिरावतात आणि पट्ट्याचा ताण कमी होतो. पट्टा आणि कप्पी यांच्यातली पकड त्या ताणावरच अवलंबून असते. त्यात पावसाळ्यातली ओल आणि कप्पीवर उतरलेले ग्रीस यांची भर पडली की पट्टा घसरू लागतो, मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि तबक जागचे हलत नाही. फोंड्याच्या माझ्या एका मित्राने असाच प्लेअर ‘सर्किट जळले’ या समजुतीने अडगळीत टाकला होता. आम्ही झाकण उघडून कप्पी स्पिरिटने पुसली, नवा पट्टा चढवला आणि प्लेअर पुन्हा चालू झाला. नवा पट्टा मिळेपर्यंत मी जुना पट्टा उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून पाहिला आहे. तो थोडा आक्रसतो आणि तात्पुरते काम देतो, पण काही आठवड्यांत पुन्हा सैल पडतो. न वापरता ठेवलेला पट्टा कप्पीभोवती त्याच वळणात ताठरतो, म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला निदान एकदा पाचही खाचा फिरवून घ्याव्यात असे मी सर्वांना सांगतो.

ओलीचा दुसरा बळी म्हणजे भिंग. फिरणारी चकती तीन दशांश मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकते, आणि भिंगाला मात्र माहितीचा थर मायक्रॉनभराच्या आत नजरेत ठेवावा लागतो, म्हणून ते दोन बारीक चुंबकीय वेटोळ्यांवर तरंगत अखंड वरखाली होत असते. अशा भिंगावर बाष्पाचा पातळ थर जमला तरी परत येणारा प्रकाश विखुरतो आणि पडद्यावर ‘चकती नाही’ असे अक्षर उमटते. वातानुकूलित खोलीतला गार प्लेअर जुलै महिन्यात बाहेरच्या दमट दिवाणखान्यात आणून लगेच सुरू केला तर हे हमखास घडते. तासभर थांबले की बाष्प आपोआप उडते. कुबट कपाटात महिनोन्महिने राहिलेल्या प्लेअरच्या भिंगावर बुरशीही चढते, आणि ती चकत्यांवरही चढते. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ या उष्ण व दमट देशातून आलेल्या एका सीडीत जिओट्रायकम जातीच्या बुरशीने कडेकडून शिरून प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा थर पोखरल्याचे स्पेनमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले होते. कौलारू घरातल्या शिसवी कपाटात चकत्या ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण मनावर घ्यावे.

चित्राविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. आजच्या फुल एचडी टीव्हीवर याच्या बरोबर पाचपट बिंदू असल्याने दर पाचांतले चार बिंदू टीव्ही शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो, आणि जुनी डीव्हीडी नव्या टीव्हीवर मऊ दिसते ती त्यामुळे. पिवळ्या टोकाची एकच केबल जोडली तर रंगाची माहिती उजेडाच्या माहितीतच मिसळून पाठवली जाते, टीव्हीला दोन्ही नीट वेगळ्या करता येत नाहीत, आणि कुणबी साडीच्या बारीक चौकड्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग सळसळतात. हिरवी, निळी आणि तांबडी अशी तीन टोकांची केबल जोडल्यावर ते नाहीसे होतात.

आवाजाची तक्रार मात्र सर्वांची एकच: संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट कान फाडतात. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटल या ध्वनिपद्धतीत पाच पूर्ण वाहिन्या आणि खर्जाची एक अशा सहा वाहिन्या सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ हजार बिटांत बसवतात; सीडीला दोनच वाहिन्यांसाठी याच्या तिपटीहून अधिक बिट लागतात. संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात, आणि नेमका तोच स्पीकर आपल्याकडे देवघराच्या किंवा फुलदाणीच्या मागे दडवलेला असतो. गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती आणि उघडी सिमेंटची जमीन आवाज परतवतात, त्यात कौलांवर पाऊस कोसळू लागला की हळू उच्चारलेले शब्द बुडून जातात. जाड पडदे लावावेत, जमिनीवर सतरंजी अंथरावी, मधला स्पीकर उघड्यावर कानाच्या उंचीला आणावा आणि प्लेअरच्या ध्वनीच्या मेनूत लहानमोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारी रात्रीची सोय असेल तर ती चालू करावी.

या साऱ्यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती लग्नकार्याच्या डीव्हीडींची. दुकानातली चित्रपटाची चकती साच्यातून छापलेली असते आणि तिच्यातले खळगे प्लास्टिकचा भाग असतात, पण स्टुडिओने घरी दिलेली चकती लेझरने सेंद्रिय रंगद्रव्यावर लिहिलेली असते. ते रंगद्रव्य ऊन आणि उष्णता यांनी हळूहळू बदलते, दोन अर्ध्यांच्या कडेच्या जोडातून ओल आत शिरते, आणि वाचण्याजोगा फरक अंधुक होत जातो. त्यावर वधूवरांच्या छायाचित्राचा कागद चिकटवलेला असेल तर धोका दुहेरी असतो: ओल शोषून कागद फुगतो, चकतीला बाक आणतो, आणि मिनिटाला हजारावर फेऱ्यांत तो बाक भिंगाला पेलवत नाही. मडगावच्या माझ्या आतेबहिणीच्या प्लेअरमध्ये असा कागद आतच सुटला आणि तबकात अडकून बसला. आमच्याकडे धाकट्या भावाच्या लग्नाच्या तीन चकत्या होत्या. गेल्या मे महिन्यात, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, त्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून मी मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून घेतला. पहिली दहा मिनिटांत उतरली. दुसरीला चार तास लागले, कारण ड्राइव्ह प्रत्येक अडलेला गठ्ठा पुन्हा पुन्हा वाचत होता. कागद चिकटवलेल्या तिसरीवरचे मंगलाष्टकांपर्यंतचे चित्रण मिळाले. त्यापुढचे, कडेकडचे वेढे ड्राइव्हला वाचता आले नाहीत.