जलसंजीवनीची पार्श्वभूमी: बनगाव ते गोमा

पूर्व पाकिस्तानातून १९७१ मध्ये सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात जून महिन्यात पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना खाटा पुरेनात. माणसं जमिनीवर पडून होती. उलट्या-जुलाबांच्या थारोळ्यात गुडघे टेकूनच त्यांना सलाईन लावावं लागे. सलाईनच्या बाटल्याही संपत आल्या होत्या आणि ती लावणारे प्रशिक्षित हात तर त्याहून कमी होते.

तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्रातले. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असं मिश्रण त्यांनी ठरवलं. हीच जलसंजीवनी (ओआरएस). केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत ही पूड तोलून प्लास्टिकच्या पुड्यांत भरली जाई आणि गरम इस्त्रीने पुड्या बंद केल्या जात. लिटरमागे खर्च अकरा पैसे. बनगावात ती ड्रममधल्या पाण्यात कालवायची आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी पेले भरभरून पाजायची. अगदीच गळून गेलेल्यांना आधी सलाईन, मग हेच पाणी. सुमारे ३,७०० रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्याआधी ते ३० टक्क्यांच्या घरात होतं.

यामागची कल्पना मात्र महालनबीसांचा शोध नव्हे. पटकीच्या रुग्णाच्या शिरेत खारट पाणी सोडण्याचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये टॉमस लॅटा यांनी १८३२ मध्येच केला होता. कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ मध्ये १८६ रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, पण त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९६०च्या सुमारास जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी दाखवलं की आतड्यात ग्लुकोज शोषलं जाताना सोबत सोडियमलाही आत ओढून नेतं. पाणी त्यांच्या मागोमाग जातं. पटकीतही ही वाट उघडी राहते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी रुग्णांवर हे सिद्ध केलं. तरीही तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून करायचा उपचार मानला जाई. बनगावात ते काम अडाणी समजल्या जाणाऱ्या आई-बापांच्या हाती गेलं. खरी धिटाई मला तिथे दिसते.

पुढे १९८०च्या दशकात बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (सुमारे अर्धा लिटर) पाणी, एवढंच शिकवायचं. आयांच्या किती लक्षात राहिलं, हे नंतर कुणीतरी येऊन तपासायचं आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरायचा! सरकारी प्रशिक्षणवर्गांनी ही युक्ती उचलली असती तर बरं झालं असतं.

मग १९९४ मध्ये गोमा. रवांडातून पळालेले लाखो लोक जुलैमध्ये काही दिवसांतच तत्कालीन झैरेच्या (आजच्या काँगोच्या) या सीमावर्ती गावात पोहोचले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, त्यामुळे संडासाचे खड्डे खणता येईनात. पाणी किवू सरोवराचं. पटकी आणि हगवणीने महिनाभरात सुमारे ५० हजार माणसं दगावली. जलसंजीवनी तोवर जगभर माहीत होती, मदतसंस्थाही हजर होत्या. ढाक्याहून मदतीला गेलेल्या तज्ज्ञांना दिसलं ते असं: तोंडावाटे पाणी पुरेसं पाजलंच जात नव्हतं, शिरेतून चुकीचं द्रावण दिलं जात होतं, तेही फार सावकाश आणि पटकीचा रुग्ण कधी न हाताळलेल्यांच्या हातून.

छावण्यांचे किमान निकष ठरवणारा ‘स्फिअर’ प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला, त्यामागे रवांडाचा हा अनुभव होता. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, गोवराची लस अगदी सुरुवातीलाच, अशी त्याची मापं. दहा हजार लोकांना तीन महिने पुरेल अशी औषधांची पेटी त्याआधीच तयार झाली होती. तिच्यातल्या जलसंजीवनीच्या पुड्या विरघळवायला लागणारं स्वच्छ पाणी मात्र छावणीतच मिळवावं लागतं.