पुण्यात घराच्या अंगणात कोंबड्या पाळताना: जागेचे नियम, अर्ज आणि कागदपत्रे

धायरी, मांजरी, सूस, नऱ्हे या गावांत घरामागच्या खुराड्यात पाच-दहा कोंबड्या असणे ही कालपरवापर्यंत कोणाला विचारून करायची गोष्ट नव्हती. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, शेजारच्या वावरात इमारती उभ्या राहिल्या आणि पहाटेच्या आरवण्यावरून क्षेत्रीय कार्यालयात तक्रारी जाऊ लागल्या. वर्षानुवर्षे कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबाला अशा तक्रारीवरून नोटीस आली की ते गडबडून जाते; खरे तर थोडी कागदपत्रे आधीच जुळवून ठेवली, तर बहुतेक प्रकरणे नोटिशीपर्यंत जातच नाहीत.

सर्वप्रथम आपली जागा कोणत्या प्राधिकरणाच्या हद्दीत येते हे निश्चित करावे. शहरात महापालिका, पुणे व खडकी येथे कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट बोर्ड), पलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका आणि भोवतालच्या ग्रामीण भागात ग्रामपंचायत व पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशी व्यवस्था आहे, आणि एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन निराळे नियम लागू असणे पुण्यात नवलाचे नाही. 2021 मध्ये समाविष्ट झालेल्या 23 गावांचे नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे देण्यात आले होते. त्यामुळे मिळकतकराची पावती महापालिकेची आहे एवढ्यावरून झोन दाखलाही (जमीन निवासी, शेती अशा कोणत्या विभागात येते याचा दाखला) तेथेच मिळेल असे गृहीत धरू नये आणि आपल्या सर्व्हे क्रमांकासाठी सध्या कोणते कार्यालय दाखला देते हे आधी विचारून घ्यावे.

झोन दाखला आणि त्यासोबतचा भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता नकाशा) हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत उपयोगी कागद आहेत. त्यांच्यासाठी अर्जासोबत अलीकडचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा जोडावा लागतो. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 पासून अमलात आली आणि तिच्यानुसार कुक्कुटपालन हा शेती विभागातील अनुज्ञेय वापर आहे. निवासी विभागात व्यावसायिक शेड टाकणे आणि घरच्या अंड्यांपुरत्या चार कोंबड्या बाळगणे या दोन भिन्न बाबी आहेत. पहिलीसाठी जमीन वापराचा आणि बांधकामाचा प्रश्न थेट उभा राहतो, तर दुसरीत मुख्यतः उपद्रवाचा विचार होतो.

तरीही लहान खुराड्याच्या बाबतीत बांधकामाचा मुद्दा सोडून देता येत नाही. इमारतीभोवती जी सामासिक अंतरे मोकळी ठेवणे बंधनकारक असते, त्यांत पत्रा, विटा किंवा सिमेंटचा कोबा घालून पक्के खुराडे उभारले, तर ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली विनापरवाना बांधकाम ठरू शकते आणि ते काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा की खुराडे लाकडी चौकटीचे, जाळीचे आणि दोघांना उचलून हलवता येईल असेच असावे. सोसायटीच्या इमारतीत गच्ची सामाईक असते, तेथे एका सभासदाने आपल्यापुरते ठरवून कोंबड्या ठेवणे योग्य नाही. त्यासाठी व्यवस्थापक समितीची लेखी संमती आणि शक्य असल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा. पाळीव कुत्र्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचा आधार कोंबड्यांसाठी देऊ नये, कारण त्या सूचना वेगळ्या हेतूने काढलेल्या आहेत.

कोण पाळू शकतो याचे उत्तर साधे आहे. जागेचा मालक पाळू शकतो, भाडेकरूने मालकाची लेखी संमती घ्यावी, आणि सामाईक वाड्यात किंवा अविभक्त जमिनीत इतर हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात.

महापालिकेकडे करायचा अर्ज साध्या कागदावर, संबंधित क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे लिहावा आणि त्याची प्रत आरोग्य विभागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी. जागेचा पूर्ण पत्ता व सर्व्हे क्रमांक, पक्ष्यांची संख्या, त्यांत कोंबडे किती, खुराड्याचे माप, शेजारच्या घरांपासूनचे अंतर, विष्ठा व भुसा कसा काढणार आणि अंडी घरासाठी की विक्रीसाठी, एवढी माहिती त्यात असावी. सोबत ओळखपत्र, मिळकतकराची पावती, झोन दाखल्याची प्रत, मालकाची किंवा सोसायटीची संमती, लगतच्या शेजाऱ्यांची लेखी हरकत नसल्याची पत्रे, लसीकरणाची नोंद आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत घेतल्याखेरीज खिडकीवरून हलू नये. लेखी उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून अर्जावर काय कार्यवाही झाली हे विचारता येते आणि त्याचे उत्तर 30 दिवसांत मिळणे अपेक्षित असते.

त्या हाताने काढलेल्या नकाशाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून एक अनुभव सांगतो. गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका काकूंच्या सात कोंबड्यांसाठी मी अर्ज लिहून दिला. नकाशात खुराडे, कुंपण, नळ, सगळे दाखवले. फक्त शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी राहिली, जी खुराड्यापासून जेमतेम सहा फुटांवर होती. तक्रार त्याच खिडकीतून आली. पाहणीला आलेले अधिकारी खाली बसले, खुराड्यातले तूस मुठीत घेऊन दाबले आणि मूठ उघडली. तुसाचा लाडू तसाच राहिला. तूस ओले आहे, अमोनियाचा वास त्याचाच आहे, हे त्यांना तेवढ्यात कळले. खुराडे विरुद्ध कोपऱ्यात नेले, पाण्याचे भांडे विटेवर उंच ठेवले, तूस दोन-तीन इंच जाडीने नवे घालून आठवड्याला उलथायचे ठरवले, आणि त्या शेजाऱ्यांनी पुढे स्वतःहून संमतीपत्रावर सही दिली.

उपद्रव हा शब्द कायद्यात बराच व्यापक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आरोग्यास बाधक अशी परिस्थिती दूर करण्याचे आदेश महापालिका देऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारीही सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची पातळी ठरवलेली आहे आणि कोंबडा नेमका याच वेळेत आरवतो. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, म्हणून दाट वस्तीत केवळ माद्या ठेवाव्यात असे मी निक्षून सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाप्रमाणे हालचाल करता येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यात पक्षी कोंबणे गुन्हा आहे. एका कोंबडीला किमान दोन चौरस फूट तळ आणि दिवसा फिरायला वेगळी जागा धरावी.

रोगाच्या बाबतीत मात्र हयगय करू नये. राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी, लशीने टाळता येतो आणि लसीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवल्यास ती अर्जालाही जोडता येते. बर्ड फ्लूचा देशातील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदला गेला आणि जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आढळला. अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, रोगाची शंका आल्यास ती कळवणे हे 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध अधिनियमाने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. अचानक एकापेक्षा जास्त पक्षी मेले, तर ते ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, उघड्या हाताने उचलू नयेत आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा असल्याने पुणेकरांना नमुने दूर पाठवण्याची अडचण नाही.

ग्रामीण भागातील कुटुंबांसाठी एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत 25 तलंगा (वाढीच्या वयातील माद्या) व 3 नर यांचा गट 50 टक्के अनुदानावर मिळतो. त्याची चौकशी पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे करावी. 5,000 हून अधिक पक्षी ठेवणाऱ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, तो विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. राज्य शासनाने 2025 मध्ये पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा दिला, त्यावरून निवासी भूखंडावर शेड टाकता येईल असा अर्थ काही जण काढतात. जमिनीचा झोन त्या निर्णयाने बदलत नाही. घरी कापून मांस विकायचे असेल, तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आणि महापालिकेचा परवाना यांची प्रक्रिया स्वतंत्रपणे करावी लागते, आणि वर सांगितलेल्या अर्जात तिचा समावेश होत नाही.