इंग्लिश एल, अमेरिकन एल आणि मधला टॅक्स

पुण्या-मुंबईत कुठल्याही ब्रुअरीत बसलं की मेनूवर आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही बिअर, असतेच, आणि ती बहुतेक वेळा अमेरिकन पद्धतीची असते, कडू, संत्र्या-आंब्याच्या वासाची, सहा-साडेसहा टक्क्यांची. मग टेबलावरचं कोणीतरी सांगतं की खरी आयपीए इंग्लिश, ती हलकी असते, अमेरिकन लोकांनी तिची वाट लावली. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नीट लिहूनच काढावं असं वाटलं, कारण इतिहास बघितला तर गोष्ट जवळपास उलटी आहे. १८५० च्या आसपास इंग्लंडमधल्या बर्टनहून मुंबईच्या बंदरात जी पेल एल, म्हणजे फिकट एल, उतरायची ती आजच्या इंग्लिश पबमधल्या साडेतीन टक्केवाल्या आयपीएपेक्षा आजच्या अमेरिकन आयपीएच्या जास्त जवळची होती, निदान कडूपणात आणि ताकदीत तरी. हे असं का झालं त्याचं उत्तर लोक चवीत आणि स्वभावात शोधतात, मला मात्र ते सगळ्यात जास्त टॅक्सच्या कायद्यांत सापडतं, आणि मग धान्यात आणि हवामानात.

आधी थोडं मागे जाऊ. जुन्या इंग्लंडमध्ये एल म्हणजे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) नसलेली, नुसत्या माल्टची (मोड आणून वाळवलेली बार्ली), आणि बिअर म्हणजे हॉप्सवाली. हॉप्स पंधराव्या शतकात नेदरलँड्स-फ्लँडर्सच्या बाजूने आले, सोळाव्या शतकात केंटमध्ये त्यांची शेती सुरू झाली आणि हळूहळू एलमध्येही हॉप्स पडायला लागले. एल आंबते वरच्या यीस्टवर, म्हणजे उबेला, साधारण १५ ते २० अंशांना, आणि फेस वर येतो तो काढून पुढच्या घाण्याला विरजण म्हणून वापरायचा, आपण दह्याचं करतो तसंच. लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरचं यीस्ट थंडीत काम करतं आणि तळाला बसतं. एवढा फरक लक्षात असला की पुढचं सगळं कळतं.

अमेरिकेत गेलेल्या इंग्लिश लोकांनी हीच एल सोबत नेली. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाज प्लिमथला थांबलं त्यामागे जहाजावरची बिअर संपत आली होती हेही एक कारण होतं, असं त्यांच्यातल्याच लोकांनी लिहून ठेवलंय. पण तिथे गेल्यावर अडचण अशी की बार्ली पुरेशी नाही, माल्ट इंग्लंडहून मागवायचं म्हणजे महाग, मग मक्याचं माल्ट करून बघितलं, भोपळा घातला, स्प्रूस झाडाची कोवळी टोकं उकळली, आणि सगळ्यात जास्त चालली ती मळी. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७५७ च्या वहीत हलक्या बिअरची कृती आहे ती बघण्यासारखी आहे, चाळणीभर कोंडा, हॉप्स आपल्या चवीप्रमाणे, तीन तास उकळायचं, मग ३० गॅलन गाळून घ्यायचं आणि गरम असतानाच त्यात ३ गॅलन मळी. म्हणजे माल्ट जवळपास नाहीच. आपल्याकडे साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला मळीपासून दारू हे सांगायलाच नको, पण त्या काळी कॅरिबियनच्या उसाच्या मळ्यांमुळे अमेरिकेच्या किनाऱ्यावर मळी इतकी स्वस्त होती की तिथे ती बार्लीची जागा घेऊन बसली.

आता त्याच वेळी इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? तिथे मळी किंवा साखर घालणं हा गुन्हा होता. १६९७ पासून माल्टवर टॅक्स, १७११ पासून हॉप्सवर टॅक्स, त्यामुळे ज्या वस्तूवर सरकारला पैसे मिळतात तिच्याऐवजी दुसरं काही घातलं की सरकारचं नुकसान, म्हणून बंदी. १८१६ च्या कायद्याने तर स्पष्टच सांगितलं की बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स सोडून काही नको. जर्मनीच्या शुद्धतेच्या कायद्याचं सगळे कौतुक करतात, पण इंग्लिश एल तेव्हा तितकीच शुद्ध माल्टची होती, आणि ती तिजोरीसाठी होती.

टॅक्स माल्टवर असल्याचा अजून एक परिणाम झाला जो मला फार इंटरेस्टिंग वाटतो. टॅक्स जर माल्टच्या मापावर द्यायचा असेल तर प्रत्येक मापातून जास्तीत जास्त गोडवा काढला पाहिजे. १७७० च्या दशकात जेम्स बेव्हरस्टॉक आणि मग १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन यांनी हायड्रोमीटर ब्रुअरीत आणला, माल्ट भिजवून निघालेल्या रसात किती गोडवा उतरलाय ते मोजता यायला लागलं, आणि कळलं की लंडनच्या पोर्टर या काळसर बिअरमध्ये जे तपकिरी माल्ट घालतात, लाकडाच्या जाळावर भाजलेलं, त्यातून गोडवा फारच कमी निघतो. फिकट माल्ट महाग असूनही हिशोबात स्वस्त पडतं. मग पोर्टरवाले फिकट माल्टवर गेले आणि रंगासाठी १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने पेटंट घेतलेलं कॉफीसारखं काळं भाजलेलं माल्ट थोडंसं घालायला लागले. पोर्टर बघायला काळीच राहिली पण आतून पूर्ण बदलली.

बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव याच काळात पुढे आलं. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे फिकट आणि कडक कडू एल स्वच्छ निवळ होते. लंडनच्या बो भागातला हॉजसन आधी भारतात बिअर पाठवायचा, १८२० च्या दशकात ऑलसॉप आणि बास या बर्टनवाल्यांनी त्याचा धंदा ओढून घेतला. कलकत्ता, मद्रास, मुंबई ही ठरलेली बाजारपेठ. ही एल साधारण साडेसहा टक्क्यांची, हॉप्स भरभरून, उकळताना वेगळे आणि पिंपात न उकळता कोरडे वेगळे, आणि मग कित्येक महिने लाकडी पिंपात मुरवलेली. लोक म्हणतात जहाजाच्या प्रवासात टिकावी म्हणून खास शोधली, तसं नव्हतं, मुरवायच्या एल इंग्लंडमध्ये आधीपासून होत्या. त्या मुरण्यात एक दुसरंच यीस्ट काम करायचं, जे १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधल्या क्लॉसेनने इंग्लिश स्टॉक एलमधून, म्हणजे अशाच मुरवलेल्या एलमधून, वेगळं काढलं आणि त्याला ब्रेटानोमायसीस असं नाव दिलं, म्हणजे ब्रिटिश बुरशी. मुरलेल्या इंग्लिश एलची ती खास चव या बुरशीची होती, ती उघड्या लाकडात राहायची. अमेरिकेत पिंपांना आतून राळेचा लेप द्यायची पद्धत होती, लाकूड बिअरला लागायचंच नाही. हा फरक लहान दिसतो पण चवीत मोठा आहे.

मुंबईचा संबंध उलट्या दिशेनेही होता. एल निवळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट पदार्थ घालतात, गाळ धरून तळाला बसवतो. आधी तो रशियाच्या स्टर्जन माशाचा असायचा, नंतर मुंबईहूनही वाळवलेल्या पिशव्या इंग्लंडला जायला लागल्या. आपल्या कोळ्यांच्या जाळ्यातल्या घोळीची पिशवी आजही सोन्याच्या भावाने विकली जाते, पण एकेकाळी अशा पिशव्या लंडनच्या बिअरच्या पिंपात जायच्या हे फार कमी लोकांना माहितीये.

परत अमेरिकेकडे. मळीचा जमाना संपून खरी एल तिथे जमली ती न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठाने. १८२५ ला ईरी कालवा झाला, पश्चिमेची बार्ली थेट ऑल्बनीला यायला लागली, ओत्सेगो-मॅडिसन भागात हॉप्सची शेती वाढली, आणि ऑल्बनी एल नावाने कडक डबल एक्स एल न्यू ऑर्लिन्स आणि कॅरिबियनपर्यंत जायला लागली. जॉन टेलर हा तिथला बडा ब्रुअर. पोकिप्सीचा मॅथ्यू व्हासर, जन्म इंग्लंडचा, त्याने एल विकून कमावलेल्या पैशातून १८६१ मध्ये मुलींसाठी व्हासर कॉलेज काढलं. टेलरची एक कोर्टकेसही झाली. एडवर्ड डेलावन नावाच्या दारूबंदीवाल्याने १८३५ मध्ये छापून आणलं की ऑल्बनीचे ब्रुअर मेलेली जनावरं पडलेल्या डबक्याचं पाणी वापरतात, टेलरने अब्रूनुकसानीचा दावा लावला, १८४० मध्ये निकाल लागला आणि टेलर हरला! 

अमेरिकन बार्ली सहा ओळींच्या कणसाची, इंग्लिश दोन ओळींची. सहा ओळीवालीत प्रोटीन जास्त, बिअर धुकट होते, पण तिच्यात पिष्ट फोडायची ताकदही जास्त, इतकी की ती स्वतःचं पिष्ट फोडून वर मक्याचंही फोडते. म्हणून तिकडे मक्याची भरड वेगळी शिजवून घाण्यात मिसळणं सोपं आणि फायद्याचं पडलं. इंग्लंडमध्ये एकाच तापमानाला, ६५-६७ अंशांना, माल्ट भिजवून वरून गरम पाण्याचा शिडकावा करायची साधी पद्धत. अमेरिकन एलवाल्यांचीही मूळ पद्धत तीच, फक्त बाजूला मक्याचं भांडं आलं.

आता मुख्य मुद्दा, १८६२ आणि १८८०.

१८६२ मध्ये सिव्हिल वॉरच्या खर्चासाठी अमेरिकेने बिअरवर टॅक्स लावला, ३१ गॅलनच्या एका बॅरलला १ डॉलर. बिअर हलकी असो की कडक, मक्याची असो की माल्टची, टॅक्स तोच. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडने हॉप्सवरचा टॅक्स उठवला, बाहेरच्या हॉप्सवरचाही, आणि अमेरिकन हॉप्स इंग्लंडमध्ये भरभरून यायला लागले. इंग्लिश ब्रुअरना त्यांचा वास आवडायचा नाही, ब्लॅककरंटसारखा उग्र म्हणायचे, पण स्वस्त आणि कडू म्हणून उकळताना घालायचे आणि शेवटी वासाला केंटचे. म्हणजे व्हिक्टोरियन काळातली कितीतरी अस्सल इंग्लिश एल अमेरिकन हॉप्सवर उभी होती.

साखर १८४७ पासूनच चालायला लागली होती. मग १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्ट टॅक्स काढून टाकला आणि टॅक्स लावला तयार रसाच्या घनतेवर, काय घातलंय ते तुमचं तुम्ही बघा. लगेच इंग्लिश एलमध्ये मका आणि तांदूळही आले. तेव्हा मका घालणारे फक्त अमेरिकन हे म्हणणंही खोटं आहे. पण मोठा परिणाम दुसराच, आता इंग्लंडमध्ये बिअर जितकी कडक तितका टॅक्स जास्त. सुरुवातीला दर कमी होता म्हणून फार जाणवलं नाही. १९१४ च्या सुरुवातीला ३६ गॅलनच्या ठराविक घनतेच्या बॅरलला ७ शिलिंग ९ पेन्स, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २३ शिलिंग, आणि १९२० पर्यंत १०० शिलिंग! त्यात युद्धामुळे धान्याची टंचाई आणि उत्पादनावर बंधनं. युद्धाआधी सरासरी घनता (पाण्याची १००० धरून) १०५० च्या वर होती ती १९१८ ला १०३० च्या आसपास आली, युद्धानंतर थोडी वर सरकली पण जुन्या जागी परत कधीच गेली नाही. आज ज्याला आपण पारंपरिक इंग्लिश हलकी बिटर, म्हणजे पबमधली रोजची कडवट एल, म्हणतो ती बऱ्याच अंशी या युद्धाने आणि या टॅक्सने घडवलेली आहे. ती चांगली लागते, पबमध्ये तळघराच्या थंडाव्यात हातपंपाने काढलेली एक पाइंट मला कुठल्याही दिवशी चालेल, पण तीच मूळ हे मात्र नाही.

अमेरिकेत एलला टॅक्सने मारलं नाही, लागरने मारलं. १८४० नंतर जर्मन लोक आले, त्यांची गार, स्वच्छ, फसफसणारी लागर तिथल्या उन्हाळ्यात लोकांना आवडली आणि एलवाल्यांनी टिकण्यासाठी एलच लागरसारखी थंड मुरवायला सुरुवात केली, तीच क्रीम एल. मग १९२० ते १९३३ दारूबंदी, त्यात बहुतेक एल ब्रुअरी गेल्या.

पण एक राहिली. स्कॉटलंडहून आलेला पीटर बॅलन्टाइन आधी ऑल्बनीत होता, १८४० मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कला गेला. ज्या नेवार्कच्या एअरपोर्टवर आपली निम्मी मराठी मंडळी उतरतात तेच. बंदी उठल्यावर या ब्रुअरीने जुन्या पद्धतीची आयपीए परत सुरू केली, सात टक्क्यांच्या वर, भरपूर हॉप्स, लाकडी टाकीत वर्षभर मुरवलेली. सोबत बर्टन एल, जी विकायची नाहीच, वर्षानुवर्षं मुरवून ख्रिसमसला ओळखीच्या लोकांना भेट द्यायची. खुद्द बर्टनमध्ये आयपीए हलकी झाली होती आणि नेवार्कमध्ये ती जुन्या ताकदीची चालू होती, कारण प्रत्येक बॅरलला टॅक्स सारखाच, कडक केली म्हणून जास्त दंड नाही. नेवार्कची ब्रुअरी १९७२ ला बंद झाली, आणि त्याच १९७२ मध्ये ओरेगनमधून कॅस्केड नावाचा हॉप बाजारात आला, इंग्लिश फगलच्या वंशातला.

पुढचं बऱ्याच जणांना माहितीये. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीचा फ्रिट्झ मेटॅग इंग्लंडमधल्या ब्रुअरी बघून आला आणि १९७५ मध्ये नुसत्या माल्टची, न उकळता कोरडे कॅस्केड घालून वास दिलेली लिबर्टी एल काढली. नेव्हीत असताना स्कॉटलंडमध्ये एल प्यायलेल्या जॅक मॅकऑलिफने १९७६ मध्ये सोनोमाला न्यू ॲल्बियन सुरू केली, १९८० मध्ये सिएरा नेवाडा आली. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास, १९७१ पासून, कॅम्रा नावाची ग्राहकांची संघटना पिंपातली जिवंत एल वाचवायला लढत होती.

हॉप्सचीही देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. केंटच्या वाय कॉलेजात प्रोफेसर सामन यांनी १९१६ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबातून जंगली हॉपची रोपं मागवली, त्यातून ब्रुअर्स गोल्ड निघाला. इंग्लिश ब्रुअरना त्याचा वास अमेरिकन म्हणून नकोसा झाला, आणि तोच ब्रुअर्स गोल्ड पुढे अमेरिकेत सेंटेनियल नावाच्या हॉपच्या रक्तात गेला, जो आज आयपीएत सर्रास असतो.

आणि टॅक्स अजूनही तसाच वागतोय. अमेरिकेत आजही केंद्राचा टॅक्स बॅरलवर, कडकपणाचा प्रश्नच नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ ला नवीन नियम आले, साडेतीन टक्क्यांच्या खालच्या बिअरला बराच कमी दर, आणि तेव्हापासून तिथल्या कितीतरी नेहमीच्या बिअरच्या लेबलवर आकडा दिसतो ३.४.