पार्श्वभूमी : ६८ किलोंचा माणूस लठ्ठ कसा ठरला

जळगाव-धुळ्याकडे ‘अंगानं भरला’ हे आजही कौतुकानं म्हणतात. चरकसंहितेनं अतिस्थूल माणसाला आठ निंदितांत, म्हणजे सदोष शरीराच्या आठ प्रकारांत, बसवलं होतं खरं, पण आपल्या घरांना धास्ती होती ती उपासमारीची. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी लाल मिलोच्या (बाहेरून आणलेल्या ज्वारीच्या) भाकरीवर दिवस काढले, त्यांना नातवाचं सुटलेलं पोट आजार वाटत नाही.

घोळ आहे तो ‘लठ्ठ’ कोणाला म्हणायचं यात. किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं सूत्र १८३० च्या दशकात एका बेल्जियन गणितज्ञानं मांडलं, तेही ‘सरासरी माणूस’ शोधायला. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये मिळालं. पुढे जगभरासाठी २५ ला जास्त वजन आणि ३० ला लठ्ठपणा अशा रेघा ठरल्या. पण आपल्या लोकांची चरबी पोटाभोवती साठते आणि कमी वजनावरही मधुमेह गाठतो. म्हणून २००० साली आशियासाठी २३ आणि २५ हे आकडे सुचवले गेले. २००४ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी मात्र जुन्या रेघा तशाच ठेवल्या. २३ आणि २७.५ हे नुसते ‘कृतीचे टप्पे’, म्हणजे उपाय सुरू करायच्या खुणा, म्हणून जोडले. माझ्या मते हा निर्णय कचखाऊ होता. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये २३ आणि २५ स्वीकारले. आता हिशेब बघा : १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस भारतीय मापानं ६८ किलोंनाच लठ्ठ, जागतिक मापानं जवळपास ८२ ला. मधल्या चौदा किलोंत किती जणांची साखर वाढून गेली असेल!

इकडे खाण्यापेक्षा राबणं जास्त बदललं. मोट जाऊन मोटर आली, सायकलीच्या जागी मोटारसायकल. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते, भुसावळला रेल्वेची नाइट ड्यूटी, एमआयडीसीत पाळ्या. मग रात्री अकराला ढाब्यावर शेवभाजी : वर बोटभर तर्री, खाली फुगलेली शेव, सोबत चार पोळ्या. झोप तुटली की भूक वाढते. वजन उतरलं की शरीर आणखी भूक लावतं आणि ऊर्जेचा खर्च आवळतं. अशा माणसाला ‘तोंड आवर’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये भारतीय व्याख्या पुन्हा बदलली. लठ्ठपणाची रेघ २३ वर आली, म्हणजे त्याच माणसाला ६३ किलोंच्या आसपास; आणि पोटाचा घेर, अवयवांवरचा परिणाम, रोजच्या कामातली अडचण पाहून लठ्ठपणाचे दोन टप्पे पाडले. त्याच वर्षी वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं देशात विकायला आली. तेव्हा ती महाग होती. टेप मात्र कोणत्याही शिंप्याकडे मिळते : पोटाचा घेर पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत हवा. घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचा. पट्टा पोटाखाली सरकलेला असतो, त्यामुळे ३४ ची पँट बसते म्हणून घेर ३४ इंच धरू नये.