सरकारी आरोग्य विम्यातील देयकांवर संसदेची व विधिमंडळांची देखरेख

सरकारी आरोग्य विमा योजनेतून रुग्णालयांना पैसा कोणत्या दराने, कोणत्या अटींवर आणि किती दिवसांत दिला जातो, यावर लोकप्रतिनिधींनी ठेवलेले लक्ष म्हणजे ही देखरेख. भारतात ती अर्थसंकल्पावरील चर्चा, सभागृहातील प्रश्न, संसदीय समित्या आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे (कॅग) अहवाल या मार्गांनी चालते. यांतले बहुतेक मार्ग पैसा खर्च झाल्यानंतर उघडतात. दर ठरतात तेव्हा सभागृहाला जवळपास जागाच नसते, आणि रुग्णाला खाट मिळणार की नाही हे बरेचसे त्या दरावरच ठरते.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी रांची येथून सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार त्यात रोख न भरता मिळतात. बहुतेक राज्यांत केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात खर्च उचलतात. ईशान्य व हिमालयीन राज्यांत केंद्राचा वाटा 90 टक्के असतो. राज्याची आरोग्य यंत्रणा स्वतः देयके भागवते, किंवा विमा कंपनीला दर कुटुंबामागे हप्ता देऊन हे काम सोपवते, किंवा दोन्हींचा मेळ घालते. अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदवलेले, रुग्णालय आधी उपचारासाठी पूर्वमंजुरी घेते, रुग्ण घरी गेल्यावर दावा दाखल करते, दावा तपासला जातो आणि रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. राज्यातल्या दाव्यासाठी 15 दिवसांची आणि परराज्यातील रुग्णाच्या दाव्यासाठी 30 दिवसांची मुदत ठरलेली आहे.

प्रत्येक उपचाराची रक्कम आधीच बांधलेली असते. तिला पॅकेज म्हणतात. दर खर्चापेक्षा कमी असेल तर रुग्णालय तो रुग्ण टाळते, किंवा औषधांच्या नावाखाली नातेवाइकांकडून वरचे पैसे मागते. दर सढळ असेल तर गरज नसलेल्या शस्त्रक्रिया वाढतात. हा धोका कल्पनेतला नाही. आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात बिहार व छत्तीसगडमध्ये गरीब स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या. हा प्रश्न जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले.

संसदेच्या हातातले पहिले साधन म्हणजे अर्थसंकल्प. आरोग्य व कुटुंब कल्याणविषयक स्थायी समिती दरवर्षी मंत्रालयाच्या अनुदान मागण्या तपासते. लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असलेली ही समिती राज्यसभा सचिवालयाच्या अखत्यारीत चालते. 2019-20 मध्ये योजनेसाठी 6,400 कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ते 3,200 कोटींवर आले. अशी तफावत दिसली की समिती मंत्रालयाला कारण विचारू शकते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शिवाय तिच्यापुढे योजनेचा एकूण आकडा येतो; एखाद्या शस्त्रक्रियेचा दर बरोबर आहे का, हा प्रश्न त्या आकड्यात दिसतच नाही.

दुसरे साधन कॅगचा अहवाल, आणि ते पहिल्यापेक्षा खूपच धारदार आहे. संविधानाच्या अनुच्छेद 151 नुसार केंद्राच्या लेख्यांविषयीचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे आणि राज्याचा राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो. या योजनेच्या कामगिरीच्या लेखापरीक्षणाचा अहवाल (2023 चा क्रमांक 11) ऑगस्ट 2023 मध्ये लोकसभेच्या पटलावर ठेवला गेला. 7,49,820 लाभार्थ्यांच्या नोंदी 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेल्या असल्याचे त्यात आढळले, आणि वर्तमानपत्रांनी तोच मथळा उचलला. देयकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या नोंदी मात्र पुढे होत्या. संगणक प्रणालीत आधीच मृत म्हणून नोंद असलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारांपोटी 6.97 कोटी रुपये दिले गेले होते. एकच रुग्ण एकाच काळात दोन रुग्णालयांत दाखल असल्याचेही दाखवले गेले होते.

सरकारचे उत्तरही लक्षात घेतले पाहिजे. लाभार्थ्याची ओळख पटवताना मोबाइल क्रमांकाला काही भूमिका नसते, असे मंत्रालयाने सांगितले. दुर्गम भागांत इंटरनेट नसते आणि तातडीच्या रुग्णाचे कागद मागाहून होतात, म्हणून दाखल झाल्यानंतर तीन दिवसांपर्यंत पूर्वमंजुरी मागता येते. त्याआधीच रुग्ण दगावला तर नोंदीत मृत्यूनंतर मंजुरी दिसते. दोन रुग्णालयांच्या मुद्द्यावर उत्तर असे, की नवजात बाळ आईच्या कार्डावर उपचार घेऊ शकते; आई एका रुग्णालयात आणि बाळ दुसऱ्यात असले तर नोंद दुहेरी दिसते. ही स्पष्टीकरणे काही प्रकरणांत पटण्याजोगी आहेत. पण नेमक्या किती प्रकरणांत ती लागू पडतात आणि उरलेल्यांत वसुली झाली का, हे विचारून घेणे हेच संसदेचे काम आहे.

ते काम लोकलेखा समितीचे. तिची परंपरा 1921 पासूनची आहे. लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 असे 22 सदस्य तिच्यात असतात, मंत्र्याला सदस्य होता येत नाही, आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. समिती सचिवांना समोर बसवून साक्ष घेते. तिची मर्यादा वेळेची आहे: कॅगच्या सगळ्याच परिच्छेदांवर सविस्तर साक्ष घेणे तिला जमत नाही, आणि साक्ष होईपर्यंत अधिकारी बदललेले असतात. या अहवालाचा लेखापरीक्षण कालावधी सप्टेंबर 2018 ते मार्च 2021 होता. म्हणजे अहवाल पटलावर आला तेव्हा त्यातली सर्वांत ताजी देयकेही दोन वर्षांहून जुनी होती.

दरांबाबत तर एवढेही होत नाही. पॅकेजचे दर योजना राबवणारे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवते. राज्यांना त्यात बदल करता येतो. ऑक्टोबर 2021 मध्ये सुमारे 400 उपचारांचे दर 20 ते 400 टक्क्यांनी वाढवले गेले. वाढ कदाचित योग्यच असेल, कारण 2018 पासून डॉक्टरांच्या संघटना दर परवडत नसल्याचे सांगत होत्या. तरी एखादा दर पाचपट होतो आणि त्यावर सभागृहात मत नोंदवण्याची कुठलीही तरतूद नसते, ही गोष्ट साधी नाही. याचे मूळ योजनेच्या रचनेत आहे. तिच्यामागे संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि मार्गदर्शक सूचना यांवर ती उभी आहे. कायदा असता तर त्याखालचे नियम पटलावर ठेवावे लागले असते आणि संसदेला ते बदलता किंवा रद्द करता आले असते.

कामगारांसाठीची कर्मचारी राज्य विमा योजना याच देशातली, पण तिची घडण वेगळी आहे. 1948 च्या कायद्याने ती चालवणाऱ्या महामंडळावर लोकसभेचे दोन व राज्यसभेचा एक असे तीन खासदार ठेवले आणि लेखापरीक्षित हिशेब संसदेपुढे मांडणे बंधनकारक केले. राजस्थानच्या आरोग्य हक्क कायद्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. 2022 मध्ये मांडलेले विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि 21 मार्च 2023 रोजी विधानसभेने ते मंजूर केले. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार द्यायचे आणि त्याने पैसे भरले नाहीत तर सरकारने भरपाई करायची, अशी तरतूद त्यात आहे. भरपाई किती, कधी आणि कोण देणार, या प्रश्नावर खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. 4 एप्रिलला समझोता झाला. गोंधळ झाला खरा, पण डॉक्टरांना मिळणाऱ्या पैशाचा प्रश्न खुल्या सभागृहात आणि खुल्या रस्त्यावर चर्चिला गेला, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत याचे दुसरे टोक दिसते. तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेत दर ठरवण्याचे सूत्रच कायद्यात लिहिलेले असते आणि 1997 पासून 17 सदस्यांचा मेडपॅक हा तज्ज्ञ आयोग काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दरवर्षी मार्च व जूनमध्ये अहवाल देतो. त्याच वर्षी कायद्यात घातलेल्या एका सूत्राने डॉक्टरांच्या मानधनात पुढे कपात होऊ लागली. 2003 ते 2014 या काळात काँग्रेसने ती कपात 17 वेळा कायदे करून लांबणीवर टाकली आणि 2015 मध्ये सूत्रच रद्द केले. दर थेट कायद्यात कोरले की वैद्यकीय संघटनांचा दबावही थेट सभागृहावर येतो. मेडपॅकसारखा तज्ज्ञ सल्लागार, ज्याचा अहवाल सरकारऐवजी विधिमंडळाला मिळतो, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. 1 एप्रिल 2020 पासून ती केंद्रीय योजनेशी जोडली गेली. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने विमा संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेले आणि योजना सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत नेली गेली. एवढा मोठा विस्तार शासन निर्णयाने झाला, विधेयकाने नव्हे. त्यामुळे आमदारांकडे उरतात ती नेहमीची आयुधे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, पुरवणी मागण्यांवरील चर्चा.

ही आयुधे बोथट नाहीत. जून 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय विधान परिषदेत आला, तेव्हा तीन वर्षांत 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांना सभागृहात सांगावे लागले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ते विमा देयकांचे प्रकरण नव्हते. पण कोणत्या रुग्णालयाने कोणती शस्त्रक्रिया किती वेळा केली ही माहिती विमा योजनेच्या संगणकात रोज जमा होते. ती जिल्हावार आणि रुग्णालयवार दर अधिवेशनात पटलावर ठेवायला नवा कायदाही लागत नाही. थकबाकीचे आकडेही त्याच प्रणालीत असतात. ऑगस्ट 2025 मध्ये हरियाणातील खासगी रुग्णालयांनी देयके थकल्याच्या कारणावरून आयुष्मान कार्डावरील उपचार थांबवले. मुदतीपलीकडे गेलेली देयके आमदारांना दर तिमाहीला दिसू लागली, तर हा प्रश्न रुग्णाला दारातून परत पाठवण्याआधी सभागृहात विचारता येईल.