शेवटच्या रकान्यातला ताळा

ऑडिटची तारीख जवळ आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकूंनी बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून काढलं. ४१२ नोंदी, सगळ्या हाताने टाइप केलेल्या. तारीख, तपशील, नावे (म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम), जमा असे चार रकाने त्यांनी घेतले. शेवटचा, शिल्लकेचा रकाना मात्र सोडून दिला, कारण शिल्लक काय, एक्सेल काढेलच. वर्षअखेरीस एक्सेलची शिल्लक बँकेपेक्षा ५,४०० रुपयांनी जास्त आली. तेवढ्यात कुणीतरी त्यांना एक जाहिरात पाठवली: स्टेटमेंटची पीडीएफ द्या, ९९ टक्के अचूक एक्सेल घ्या.

आधी ५,४०० रुपयांबद्दल. जुने कारकून असा फरक दिसला की ठरलेल्या क्रमाने शोध घेत. नेमक्या ५,४०० रुपयांची नोंद राहून गेली आहे का? नाही. मग फरकाच्या निम्म्या, म्हणजे २,७०० रुपयांची नोंद नावेऐवजी जमेत गेली आहे का? तसंही नाही. मग फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहायचं. इथे जातो, आणि ही मोठी खूण आहे. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की होणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. ८२ च्या जागी २८ लिहिलं तर दशकातले ८ एककात आले आणि एककातले २ दशकात गेले. प्रत्येक अंकाची किंमत ९ पटींनी बदलली, म्हणून फरक ९ गुणिले (८ − २), म्हणजे ५४. हेच हजार आणि शतकाच्या जागी झालं तर ५,४००. शून्य जास्त पडलं तरी तसंच: ६०० चे ६,००० झाले की फरक ६०० ची ९ पट, पुन्हा ५,४००. त्यामुळे ४१२ नोंदींपैकी फक्त अशा रकमा बघायच्या, ज्यांच्या हजार आणि शतकाच्या अंकांत ६ चा फरक आहे, किंवा ज्या नेमक्या ६,००० आहेत. पाण्याच्या टँकरचे ८,२५० रुपये २,८५० असे पडले होते. पंधरा मिनिटांत सापडले.

गाडीच्या नंबरासाठी ९ ची बेरीज जुळवणारी आणि त्यासाठी जादा पैसे मोजणारी माणसं याच गुणाला चमत्कार समजतात. ९ मध्ये काहीही दैवी नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो आणि ९ हा दहाहून एकाने कमी आहे, इतकंच. आठच्या पटीत मोजत असतो तर हे काम ७ ने केलं असतं आणि नंबरप्लेटवाल्यांनी ७ चे दर वाढवले असते.

आता जाहिरातीतले ९९ टक्के. कशाचे? समजा पीडीएफ वाचणारं यंत्र प्रत्येक अंक ९९ टक्के वेळा बरोबर वाचतं. १,२३,४५६.७८ या रकमेत आठ अंक आहेत. आठही बरोबर येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा आठवा घात, सुमारे ९२ टक्के. अशा ४१२ रकमा असल्या तर साधारण ३२ रकमा चुकीच्या येतील. हिशेबात एक चूकही चालत नाही, त्यामुळे नुसती टक्केवारी ऐकून काहीच कळत नाही. चूक कुठे आहे हे कळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

बँकेच्या साइटवरून थेट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) किंवा एक्सेल मिळत असेल तर तेच घ्यावं. अनोळखी वेबसाइटवर स्टेटमेंट चढवू नये, त्यात घराची सगळी कुंडली असते. पण अनेकदा हाती पीडीएफच येते, आणि पीडीएफमध्ये तक्ता नसतो. डोळ्यांना दिसतो, फाइलमध्ये नसतो. १९९३ साली अ‍ॅडोबीने हा प्रकार आणला तो कागद जसाच्या तसा छापला जावा म्हणून. फाइलमध्ये साधारण अशा आज्ञा असतात: डावीकडून इतकं, खालून इतकं अंतर जा आणि हे अक्षर उमटव. माप इंचाच्या ७२व्या भागाचं. एफोर पान म्हणजे सुमारे ५९५ बाय ८४२ अशी मापं. ओळ, रकाना, रिकामा चौकोन यांचा उल्लेखही सहसा नसतो. एखादी रक्कम नावेची की जमेची हे ती आडव्या दिशेत कुठे छापली आहे यावरूनच ओळखायचं. रकमा उजव्या कडेला जुळवलेल्या असतात. प्रोग्रॅमने डावी कड धरली तर ५०० रुपये योग्य रकान्यात पडतात, पण ५,००,००० ची डावी कड शेजारच्या रकान्यात घुसते आणि जमेची रक्कम खर्च होऊन बसते.

आणि इथेच तो सोडून दिलेला रकाना कामाला येतो. माझ्या मते स्टेटमेंटमधली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे.

मागची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर आताची शिल्लक. हे नातं प्रत्येक ओळीत पुन्हा पाळलेलं असतं. शाळेत भागाकाराचा ताळा करायचो, तसा इथे प्रत्येक ओळीचा ताळा बँकेनेच छापून दिलेला आहे. नावे आणि जमा हे दोन्ही रकाने पुसून टाकले तरी फक्त शिल्लकांच्या वजाबाक्या करून सगळ्या रकमा परत मिळवता येतात. म्हणजे तीच माहिती दोनदा लिहिलेली आहे. संदेशात थोडी जास्तीची माहिती घालून चूक पकडायची आणि दुरुस्तही करायची, हे तंत्र गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत असताना १९५० साली मांडलं. शिल्लकेचा रकाना त्याच जातीचा आहे.

एक उदाहरण घेऊ. शिल्लक ६४,१२०. मग ३,८५० नावे, शिल्लक ६०,२७०. मग १,५०० जमा, शिल्लक ६१,७७०. प्रत्येक ओळीपुढे 'छापील शिल्लक वजा काढलेली शिल्लक' असा एक रकाना जोडायचा. सगळं बरोबर असेल तर तिथे शून्यंच दिसतील. यंत्राने ३,८५० ला ८,८५० वाचलं तर त्या एकाच ओळीत ५,००० दिसेल आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा शून्य, कारण पुढची ओळ छापील शिल्लकेपासून नव्याने सुरू होते. रक्कम बरोबर वाचली पण शिल्लक ६०,२७० ऐवजी ६०,२१० वाचली, तर लागोपाठ दोन ओळींत उणे ६० आणि अधिक ६० अशी जोडी येईल. खर्च जमेत पडला तर उणे ७,७००, रकमेच्या बरोबर दुप्पट. मधली एक नोंद गळली तर गळालेली रक्कमच फरक म्हणून समोर येते. चूक आहे एवढंच नाही, ती कोणत्या ओळीत आहे आणि कोणत्या प्रकारची आहे, हेही आकडा बघून सांगता येतं.

हे करताना पैसे पूर्णांकात घ्यावेत, ३,८५० रुपयांचे ३,८५,००० पैसे. दशांश पद्धतीत एक तृतीयांश जसा नेमका लिहिता येत नाही, तसा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत ०.१ नेमका बसत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ ची बेरीज बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते. फरक शून्य आहे का असं विचारलं की संगणक 'नाही' म्हणतो, आणि बरोबर असलेली ओळ चुकीची ठरते.

शिल्लकांची ही साखळी जुळली म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. तारखांशी तिचा संबंध नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०३/०४/२०२५, म्हणजे आपला ३ एप्रिल, तिथे ४ मार्च होतो आणि नोंद आदल्या आर्थिक वर्षात जाते. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्याने एक्सेल ती तारीख नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. तारखा ओळीने चढत्या आहेत का, हे वेगळं तपासावं लागतं. लांब क्रमांकांचंही तसंच. एक्सेल १५ अंकच नीट धरतं, १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. ते रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावेत. याच आपोआप बदलामुळे सेप्ट२ नावाच्या मानवी जनुकाची तारीख होत असे. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशी नावं बदलल्याचं जाहीर केलं.

आणि एक चूक साखळीला कधीच दिसत नाही. चेक जमा झाला आणि त्याच दिवशी परत गेला, तर त्या दोन नोंदींची बेरीज शून्य होते. पान बदलताना त्या दोन्ही ओळी एकत्र गळल्या तर शिल्लक कुठेही तुटत नाही. काही बँका स्टेटमेंटच्या शेवटी नावे आणि जमा नोंदींची संख्या छापतात, ती आपल्या ओळींच्या संख्येशी लावून पाहावी. ती छापलेली नसेल तर तपशिलाचा रकाना वाचत जावा: चेक परत गेल्याचं शुल्क कापलेलं दिसतं, पण परत गेलेला चेक कुठेच सापडत नाही.