सॅसाफ्रास : वासानं घडवलेला इतिहास

न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे झाड येता-जाता पाहिलेलं असणार, फक्त ते सॅसाफ्रास आहे हे ठाऊक नसणार. पडीक शेत, कुंपणाची कड, जंगल संपून ऊन सुरू होतं तो पट्टा, या त्याच्या आवडत्या जागा. तिथे ते एकटं क्वचितच दिसतं. मुळांतून फुटवे येत राहतात आणि बघता बघता एका झाडाचं बेट होतं.

ओळख पटवायची तर आधी पानं बघायची. एकाच फांदीवर तीन तऱ्हा सापडतात: एक पान साधं लंबगोल, दुसरं अंगठा वेगळा काढलेल्या हातमोज्यासारखं, तिसरं तीन पाळ्यांचं. तुतीची पानंही अशीच बहुरूपी, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. पण तुतीच्या पानाची कड करवती असते आणि देठ तोडला की चीक येतो. सॅसाफ्रासची कड गुळगुळीत आणि चीक नाही. जुन्या, उंच झाडावर मात्र बहुतेक पानं साधीच असतात. अशा वेळी हिरवी डहाळी मोडून नाकाशी धरावी. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड आहे. डहाळीला लिंबासारखा वास येतो, मुळाच्या सालीला बडीशेप आणि दालचिनी यांच्या मधला काहीतरी गोड.

या झाडाचा पुढचा सगळा इतिहास या वासापायी घडला.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले मूलनिवासी ताप-दुखण्यावर मुळाचा काढा घेत. फ्लोरिडातल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांनी तो त्यांच्याकडून उचलला. १५६५ मध्ये स्पॅनिश फौजेनं ती वसाहत कापून काढली. पुढे तेच स्पॅनिश सैनिक तापानं फणफणले, तेव्हा वाचलेल्या फ्रेंचांकडून काढा शिकले. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस यानं ही हकिकत लिहून ठेवली. गडी अमेरिकेत कधी गेलाच नव्हता. बंदरात परतणाऱ्यांच्या तोंडून ऐकायचं आणि लिहायचं, ही त्याची पद्धत. १५७७ मध्ये जॉन फ्रॅम्प्टन या व्यापाऱ्यानं त्याचं लेखन इंग्रजीत आणलं आणि सॅसाफ्रासची कीर्ती लंडनला पोहोचली.

युरोपला तेव्हा उपदंशानं छळलं होतं. इतका सुवास येतो म्हणजे रोगावर गुण येणारच, अशी त्या काळची समजूत. गुण आला नाही, पण मागणी आली. १६०२ मध्ये इंग्रज दर्यावर्दी बार्थोलोम्यू गॉस्नोल्डची माणसं आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या कटीहंक बेटावर उतरली आणि मुळं खणून जहाजात भरू लागली. तो माल इंग्लंडात पोहोचल्यावर तिथला सरदार वॉल्टर रॅले संतापला: अमेरिकेतल्या व्यापाराचा हक्क त्याचा, आणि एवढा माल एकदम आला तर भाव पडणार. पुढच्याच वर्षी मार्टिन प्रिंग ब्रिस्टलहून दोन जहाजं घेऊन याच मुळांसाठी निघाला. या वेळी रॅलेची परवानगी रीतसर घेतली होती. सोबत दोन दांडगे कुत्रेही होते, स्थानिकांना धाक बसावा म्हणून. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या खेपांबद्दल बोलताना सोनं आणि तंबाखू आठवतात. या मुळांचं नाव सहसा कुणी घेत नाही.

औषध म्हणून पत ओसरली तरी पेय म्हणून सॅसाफ्रास टिकलं. लंडनच्या रस्त्यांवर त्याचा दूध-साखर घातलेला गरम काढा ‘सलूप’ नावानं विकला जाई आणि गरीब कामकरी तो पीत. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगराळ भागात वसंतात मुळांचा लालसर चहा प्यायची रीत होती. हिवाळ्यात ‘घट्ट’ झालेलं रक्त त्यानं पातळ होतं म्हणे. मग फिलाडेल्फियाचा औषधविक्रेता चार्ल्स हायर्स यानं तिथल्याच १८७६ च्या जागतिक प्रदर्शनात आपली ‘रूट बिअर’, म्हणजे सॅसाफ्रासच्या मुळाच्या स्वादाचं गोड पेय, लोकांपुढे आणली. नावात बिअर असली तरी ती खपवली दारूला पर्याय म्हणून.

या सगळ्याला खीळ बसली १९६० साली. मुळाच्या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक सॅफ्रोल. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं यकृताचा कर्करोग झाल्याचं दिसलं आणि अमेरिकी सरकारनं अन्नपदार्थांत त्यावर बंदी घातली. रूट बिअरमध्ये आता सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद असतो. म्हणून जंगलात ओळख पटली तरी मूळ उपटून चहा उकळू नये. शिवाय झाडामागे आता वेगळंच संकट आहे: २००२ मध्ये जॉर्जियात सापडलेला एक आशियाई भुंगेरा बुरशी घेऊन फिरतो आणि या कुळातली झाडं उभीच्या उभी वाळवतो.

लुइझियानातल्या चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी मात्र मुळाऐवजी पान निवडलं होतं, आणि पानात सॅफ्रोल नगण्य असतं. कोवळी पानं सुकवून, कुटून, चाळून हिरवट भुकटी करायची, तीच ‘फिले’. चॉक्टॉ बायका ती न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात विकायला बसत. तिथलं प्रसिद्ध कालवण ‘गंबो’. त्याचं नाव आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलेलं, कारण ते दाट करायला भेंडी घालत. भेंडी नसेल तेव्हा फिले. फिलेलाही भेंडीसारखीच तार सुटते. म्हणून ती चुलीवर असताना घालायची नाही: पातेलं उतरवायचं, रश्शाची उकळी बसू द्यायची, मग चिमटीनं भुरभुरवायची. उकळत्यात पडली तर रश्शाचे दोरे होतात.